आवाज कुणाचा, शांतता कुणाची? खान्देशातल्या गावांपुढचा प्रश्न

३१ डिसेंबर २०२४ ची रात्र. जळगाव-धुळे महामार्गावरचे धरणगाव तालुक्यातील पाळधी गाव. एका गाडीचा हॉर्न वाजला, त्यावरून बाचाबाची झाली, आणि पाहता पाहता दोन गट समोरासमोर आले. दगडफेक झाली, दुकाने आणि वाहने जाळली गेली. नव्या वर्षाची पहाट गावाने संचारबंदीत पाहिली. त्याआधी मार्च २०२३ मध्ये याच पाळधीत मशिदीसमोरून जाणाऱ्या दिंडीतल्या वाद्यांवरून दोन गट भिडले होते आणि अनेकांना अटक झाली होती. दोन वर्षांच्या आत एकाच गावात दोनदा आग लागली आणि दोन्ही वेळी ठिणगी होती ती आवाजाची.

बातम्यांमध्ये याला ‘किरकोळ कारणावरून वाद’ म्हणतात. आम्हाला ते कारण किरकोळ वाटत नाही. गावात कुणाचा आवाज चालतो, कुणाचा खटकतो आणि कुणी गप्प बसायचे असते, यावरून त्या गावात सत्ता कुणाची आहे ते कळते. म्हणून जयंतीच्या तयारीच्या बैठका सुरू होण्याच्या या दिवसांत हा विषय आम्ही मुद्दाम मांडत आहोत. तो ‘त्यांच्या’ भोंग्याचा किंवा ‘त्यांच्या’ डीजेचा नाही. तो आपल्याही वस्तीचा आहे.

गाव शांत असते, हा गैरसमज

शहरातल्या माणसाला वाटते, गावात शांतता असते. खान्देशातल्या गावाचा उन्हाळा त्याने पाहिलेला नसतो. चैत्र-वैशाखात जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. घरात झोपणे अशक्य होते. माणसे धाब्यावर, अंगणात, ओट्यावर झोपतात. म्हणजे आवाज अडवायला भिंतसुद्धा नसते. आणि नेमके हेच दिवस लग्नसराईचे, हळदीच्या रात्रींचे, यात्रांचे, सप्ताहांचे आणि जयंत्यांचे असतात.

हळदीच्या रात्री टेम्पोवर बॉक्सची भिंत उभी राहते. अहिराणी गाण्यांवर नाच सुरू होतो. त्यात वाईट काहीच नाही. कष्टाच्या माणसाने नाचावेच. पण शेजारच्या पत्र्याच्या घरात बेसच्या प्रत्येक ठोक्याला पत्रे थरथरतात. त्या घरात पहाटे चारला उठून रावेर-यावलच्या केळीच्या बागेत कापणीला जाणारा मजूर असतो, बाळंतीण असते, दमेकरी आजोबा असतात. शेतीपंपांना ज्या आठवड्यात रात्रीची वीज मिळते, त्या आठवड्यात बाऱ्यावर जागून आलेला शेतकरी दिवसा झोपायला बघतो, तर दिवसभर कुठला ना कुठला भोंगा चालू असतो. आणि एका कोपऱ्यात पोलीस भरतीची, परिचारिका अभ्यासक्रमाची किंवा विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी करणारी एखादी मुलगी पुस्तक उघडून बसलेली असते.

ज्याचे घर मोठे, ज्याच्या खिडक्यांना काचा आणि खोलीत एसी आहे, तो आवाजापासून स्वतःला थोडेफार वाचवू शकतो. एका खोलीत सात माणसे राहतात त्यांना तशी सोय नाही. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे: शांतता ही श्रीमंतांची चैन नाही, ती गरिबाची गरज आहे. आणि आपली बहुसंख्य वस्ती आजही त्या एका खोलीतच राहते.

आपला आवाज सहज मिळालेला नाही

इथे कुणी आम्हाला विचारील, ‘मग काय, आपण जयंती गुपचूप करायची?’ नाही. हा प्रश्न का विचारला जातो, ते आम्ही जाणतो.

बलुतेदारीच्या गावगाड्यात दवंडी देण्याचे काम महारांकडे होते. मेल्याचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळायचे कामही त्यांचेच. गावाचा आवाज म्हणून आपल्या पूर्वजांना राबवले गेले, पण तो आवाज हुकमाचा होता. स्वतःच्या आनंदासाठी वाजंत्री लावायची, वरात गावातून न्यायची म्हटले की काठ्या निघत. बाबासाहेबांच्या हाकेनंतर लोकांनी गावकीची कामे नाकारली, अनेक ठिकाणी बहिष्कार सोसले. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. त्यानंतर भीमगीतांनी, कलापथकांनी, जलशांनी आपल्या वस्त्यांना स्वतःचा आवाज दिला. १४ एप्रिलला गावातून निघणारी मिरवणूक म्हणजे नुसती करमणूक नव्हे. ‘हा रस्ता आमचाही आहे’ असे सांगणारा तो नागरिकत्वाचा उच्चार आहे.

तो उच्चार आजही काहींना सहन होत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत लग्नाला आलेल्या एका बौद्ध नर्सिंग विद्यार्थ्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्याला जीवे मारण्यात आले. रिंगटोनचा आवाज किती डेसिबल असेल? जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत, गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून एका तरुणाचा खून झाला. ज्या दिवशी तो झाला, त्या दिवशी गावातून वाजतगाजत लग्नाची वरात जात होती. वरातीचा दणदणाट चालतो, जयंतीची आठवणसुद्धा चालत नाही. इथे त्रास आवाजाचा नसतो, आवाज करणाऱ्याच्या जातीचा असतो.

म्हणूनच ‘ध्वनिप्रदूषण’ हा शब्द ऐकला की आपले कार्यकर्ते सावध होतात. सप्ताह आठ दिवस चालतो तेव्हा कुणी डेसिबल मोजत नाही, आणि जयंतीच्या दिवशी मात्र मोजणी यंत्र बरोबर सापडते, अशी तक्रार जयंती मंडळांच्या बैठकांत नेहमी ऐकू येते. मशिदींचाही अनुभव वेगळा नाही. २०२२ च्या एप्रिल-मे मध्ये राज्यात भोंग्यांचे जे राजकारण पेटवले गेले, त्याचा रोख एकाच समाजाकडे होता. सगळ्यांच्या झोपेची काळजी त्यात नव्हती.

मग कायदा काय म्हणतो?

निवडक अंमलबजावणीवर उपाय म्हणजे कायदा नाकारणे नव्हे. तो सगळ्यांना सारखा लावायला भाग पाडणे हा खरा उपाय आहे. त्यासाठी आधी तो माहीत हवा.

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. त्यानुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर उघड्यावर तो लावता येत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी वस्तीत दिवसासुद्धा ६५. डीजेच्या भिंतीसमोर आकडा सहज १०० च्या पुढे जातो. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेसारखा नसतो. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ६५ आणि १०५ यांच्यातला फरक हा दहा हजार पटींचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची जी शिफारस केली, ती ४० डेसिबलची होती.

उत्सवांसाठी सूट आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १० ते १२ ध्वनिक्षेपकाला परवानगी देऊ शकते. आपल्याकडे जिल्हाधिकारी या दिवसांची यादी जाहीर करतात. ही सूट वेळेची आहे, डेसिबलची नाही. खासगी हळदीला आणि वरातीला तर ती नाहीच.

आता आपल्या एका सवयीकडे बघू. अनेक गावांत १३ एप्रिलच्या रात्री बरोबर १२ वाजता डीजे सुरू करून जयंतीचे स्वागत होते. सूट असलेल्या दिवशीही परवानगी १२ ला संपते. म्हणजे ज्या मिनिटाला कायद्याची सवलत संपते, त्या मिनिटाला आपला कार्यक्रम सुरू होतो. ज्याला आपल्यावर गुन्हा दाखल करायचाच आहे, त्याच्या हाती आपण आयता पुरावा देतो. आणि गुन्हा दाखल होतो तो कुणावर? मंडळाला वर्गणी देणाऱ्या पुढाऱ्यावर नाही, टेम्पोपुढे नाचणाऱ्या वीस वर्षांच्या मुलावर. पुढे पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीचा कागद येतो तेव्हा तो गुन्हा त्याच्या आडवा येतो. एका रात्रीच्या बेससाठी ही किंमत फार मोठी आहे.

न्यायालयांची भूमिका गेली पंचवीस वर्षे एकसारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये एका चर्चच्या प्रकरणात स्पष्ट केले की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा, असे कोणताही धर्म सांगत नाही. जुलै २००५ च्या निकालात त्याच न्यायालयाने बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क येत नाही, असे म्हटले आणि शांतपणे जगण्याला संविधानाच्या कलम २१ चा आधार दिला. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ला भागातील रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्याच निकालात आपल्यासाठी फार महत्त्वाची एक गोष्ट आहे: तक्रार करणाऱ्याची ओळख पोलिसांनी उघड करायची नाही.

शहरात ही तांत्रिक बाब वाटेल. गावात ती जगण्या-मरण्याची बाब आहे. तीस बौद्ध घरांच्या वस्तीतल्या एखाद्याने पाटलाच्या घरच्या वरातीची तक्रार केली आणि नाव फुटले, तर दुसऱ्या दिवशी शेतावरचे काम बंद, किराणा बंद, विहिरीकडे जायची वाट बंद. सामाजिक बहिष्काराची भाषा आपल्याला शिकवायला नको. म्हणून हा निर्देश प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा आणि पोलीस ठाण्यात तो ठामपणे सांगता यायला हवा.

तथागतांनी आधी आपल्याच संघाला सांगितले

आपण बौद्ध आहोत, म्हणून कायद्याच्या पुढेही आपल्याला विचार करावा लागतो.

मज्झिम निकायातल्या चातुमा सुत्तात एक प्रसंग आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याबरोबर पाचशे भिक्खू चातुमा गावी येतात. जागा लावताना, पात्र-चीवर ठेवताना मोठा गलका होतो. तथागत विचारतात, मासे ओढणाऱ्या कोळ्यांसारखा हा गोंगाट कुणाचा? आणि त्या भिक्खूंना परत जायला सांगतात. पुढे शाक्यांनी विनंती केल्यावर त्यांना परत बोलावले जाते. यात आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की तथागतांनी शेजारच्या गावाच्या गोंगाटावर प्रवचन दिले नाही. सुरुवात आपल्या संघापासून केली.

अंगुत्तर निकायात तर आवाजाला ध्यानाचा काटाच म्हटले आहे. वैशालीत लिच्छवी रथांच्या खडखडाटात दर्शनाला येत होते, तेव्हा काही ज्येष्ठ भिक्खू शांत वनात निघून गेले, आणि तथागतांनी त्यांना चूक ठरवले नाही. दीघ निकायात राजा अजातशत्रू रात्री जीवकाच्या आम्रवनात येतो, तेव्हा तिथली निःशब्दता पाहून घाबरतो. साडेबाराशे भिक्खू बसलेले आणि एक खोकलासुद्धा ऐकू येत नाही. हा दगा तर नाही ना, असे त्याला वाटते. सत्तेला शांत बसलेल्या शिस्तबद्ध लोकांचा धाक वाटतो. हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि बाबासाहेब? परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घरच्या सगळ्या पसाऱ्यात भीमरावांना अभ्यासाला जागा नव्हती. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला लवकर झोपवत आणि दोन वाजता चाळ शांत झाली की त्याला उठवत. रॉकेलच्या दिव्याखाली तो अभ्यास झाला. संविधानाच्या शिल्पकाराचे शिक्षण रात्री दोनच्या शांततेवर उभे आहे. आज आपल्या वस्तीत रात्री दोन वाजता एखादा भीमराव, एखादी रमा पुस्तक उघडून बसली असेल, आणि बाहेर बाबासाहेबांच्याच नावाने डीजे चालू असेल, तर आपण नेमकी कुणाची जयंती करतो आहोत?

धुळ्याच्या लोकांना लळिंगचा लांडोर बंगला ठाऊक आहे. न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी तिथे राहिले. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक भीमस्मृती यात्रेला येतात. डोंगरातल्या त्या शांत जागेचे स्मरण शांततेनेही करता येते, हे सांगायला त्याहून चांगले ठिकाण खान्देशात नाही.

शेजार कसा टिकतो

धुळ्याचाच आणखी एक धडा आहे. १८९५ साली शहरात मशिदीसमोरून वाजतगाजत जाणाऱ्या गणेश मिरवणुकीवरून दंगल झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. मशीद आणि गणपती दोघांच्याही नावाला ‘खुनी’ हा शब्द कायमचा चिकटला. आज त्याच मशिदीच्या दारात त्याच गणपतीचे फुलांनी स्वागत होते. न्यायालयाने किंवा पोलिसांनी ती फुले आणायला सांगितलेली नाहीत. कुणी कुठे थांबायचे आणि कुणाच्या वेळेचा मान कसा राखायचा, हे शेजाऱ्यांनी ठरवले. जिथे असे ठरत नाही, तिथे पाळधी होते.

बौद्धबहुल श्रीलंकेतही हा प्रश्न आला. वेलिगामा इथल्या मशिदीच्या ध्वनिक्षेपकाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २००७ मध्ये न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी सर्व धर्मांना लागू केली. परित्राण पाठाचा ध्वनिक्षेपकही त्यातून सुटला नाही. बहुसंख्याकांचा धर्म म्हणून बुद्धवचनालासुद्धा सवलत मिळाली नाही. समता म्हणजे हीच.

आमचा प्रस्ताव: १४ एप्रिल ते १ मे

आम्ही नुसता उपदेश करून थांबू इच्छित नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यातल्या तरुण मंडळांपुढे एक साधा कार्यक्रम ठेवतो.

पहिली गोष्ट, १३ एप्रिलच्या रात्री १२ वाजताचे अभिवादन बंद करू नका. ते डीजेशिवाय करा. मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, सामूहिक वंदना. दोनशे माणसे एका सुरात वंदना म्हणतात तेव्हा भोंग्याची गरज नसते.

दुसरी गोष्ट, मिरवणूक दणक्यात काढा, पण परवानगी लेखी घ्या, तिची प्रत सोबत ठेवा आणि ठरलेल्या वेळी साउंड आपल्या हाताने बंद करा. बंद केल्याची वेळ मोबाईलवर चित्रित करून ठेवा. उद्या कुणी खोटी तक्रार केली तर तोच पुरावा कामी येईल. दवाखाना, प्रार्थनास्थळ आणि आजारी माणसाचे घर येईल तिथे आवाज कमी करा. डीजेच्या भाड्यातून वाचलेले पैसे ‘एक वही, एक पेन’ला आणि वस्तीतल्या अभ्यासिकेला द्या. १८ तास अभ्यासाचा उपक्रम आपल्याकडे रुजलेला आहेच. जयंतीच्या आठवड्यात तो विहारात भरवा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १ मे रोजी ग्रामसभा असते. जयंतीनंतर दोनच आठवड्यांनी. त्या ग्रामसभेत आपल्या तरुणांनी आणि महिलांनी उभे राहून ठराव मांडावा: गावात सप्ताह असो, उरूस असो, गणपती असो, जयंती असो की कुणाच्याही घरची हळद, रात्री १० चा नियम सर्वांना सारखा. परीक्षांच्या दिवसांत अभ्यासाच्या वेळी भोंगे बंद. परवानग्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर. अशा ठरावाला कायद्याचे बळ नसते, कायदा तर आधीच आहे. पण ठराव झाला की पोलीस पाटलाला आणि ठाण्याच्या अधिकाऱ्याला ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही, आणि एकट्या-दुकट्या तक्रारदारामागे गावाचा कागद उभा राहतो.

कुणी म्हणेल, ‘त्यांनी पाळल्याशिवाय आम्ही का पाळायचे?’ कारण १ मे ला उभे राहताना आपले हात स्वच्छ हवेत. १३ तारखेच्या मध्यरात्री ज्याने गाव जागवले, त्याच्या तोंडी २ मे च्या वरातीची तक्रार शोभत नाही. ती ऐकूनही घेतली जात नाही. आणि ज्याने स्वतः नियम पाळून दाखवला, त्याला ‘तुम्हाला आवाजाचा नाही, आमचा त्रास आहे’ असे म्हणणे गावाला जड जाते. मग उलटा प्रश्न आपण विचारू शकतो: आम्ही १० ला बंद केले, तुम्ही का नाही?

ठराव पहिल्याच ग्रामसभेत मंजूर होईल, असे आम्ही म्हणत नाही. काही गावांत हसतील, काही गावांत वाचूही देणार नाहीत. तरी तो लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद मागा. दवंडी पिटण्यासाठी ज्यांना राबवले गेले, त्यांचीच नातवंडे गावाच्या रात्रीचा नियम मांडायला उभी राहतील, आणि तो स्वतःपुरता नसून शेजारच्या प्रत्येक घरासाठी असेल. आपल्या पूर्वजांनी जो आवाज मिळवला, त्याचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.